दाजींचा कान

आमच्या दाजींशी कुणी खोटं बोललं तर त्यांना राग येत नसे. ते खोटं कुठून येतंय, हे सापडेपर्यंत मात्र त्यांना चैन पडत नसे. माणसांच्या बाबतीत ही सवय अडचणीची ठरे. गाड्यांच्या बाबतीत तिच्यावरच त्यांचं घर चाललं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या एका कारखान्यात त्यांनी वीस-बावीस वर्षं इंजिनं तपासली. बंद खोलीत इंजिन चौकटीवर बसवायचं, पूर्ण जोरात चालवायचं आणि शेजारी उभं राहून ऐकायचं, असं ते काम. कारखाना बंद झाल्यावर त्यांनी जुईनगरला एक गाळा घेतला, पन्नाशीत लॅपटॉप शिकून घेतला आणि गाड्यांचं ट्यूनिंग सुरू केलं. मी नेरूळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. गाडी मला चालवता येते, त्यापलीकडे तिच्याविषयी काही कळत नव्हतं. पण दाजींना चालू गाडीत शेजारी बसून लॅपटॉपवरचे आकडे वाचणारं कुणीतरी हवं होतं. ताईनं माझं नाव सुचवलं. "दिवसभर वाचतच असतो तो," ती म्हणाली. तेव्हापासून माझे रविवार त्यांच्या शेजारच्या सीटवर जाऊ लागले.

पहिल्या दिवशी मी नीट, स्वच्छ आवाजात वाचत होतो. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाव्हणं, पोथी लावल्यागत वाचू नगा. आकडा फेका, मी झेलतो." मी त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, तरी मला ते शेवटपर्यंत पाव्हणंच म्हणत आणि अहो-जाहो करत. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मी कधी विचारलं नाही.

आम्ही शोधत असू ते नॉकिंग. त्यांनी मला ते जेवणाच्या पंगतीवरून समजावलं होतं. ठिणगी पडली की पेट्रोल एका टोकापासून शिस्तीत पेटत गेलं पाहिजे, जसा वाढपी एका टोकाकडून येतो. पण लांबच्या कोपऱ्यातलं थोडं पेट्रोल वाट न पाहता आपलं आपणच पेटतं. "वाढपी हिकडं हाय, आन् त्या टोकाचा गडी उठून भांड्याला हात घालतोय. मग काय हुईल?" मग पिस्टनवर आतून हातोडी बसते. ते कळावं म्हणून इंजिनाच्या अंगावर सेन्सर घट्ट आवळून बसवलेला असतो. तो नुसता ऐकतो; त्यानं किती ऐकलं त्याचा आकडा लॅपटॉपवर दिसतो. त्यानं इशारा दिला की गाडीतला कॉम्प्युटर ठिणगी जराशी उशिरा पाडतो. त्याला टायमिंग मागं घेणं म्हणतात. इंजिन वाचतं, पण गाडीची ओढ कमी होते.

अडचण अशी, की त्या सेन्सरला ऐकू येतं, पण कोण बोलतंय ते कळत नाही. एखादा ढिला नट, सायलेन्सरवरचा थरथरणारा पत्रा, काहीही त्याला नॉकिंग वाटू शकतं. मग गाडी विनाकारण दबून चालते. नेरूळच्या एका डॉक्टरीणबाईंची गाडी अशीच दोन ठिकाणांहून परत आली होती. दाजींनी आधी टायमिंग चार डिग्री मागं घेतलं आणि मला आकडे वाचायला लावले. आकडे तसेच राहिले. "खरा असता तर चार डिग्रीत गप झाला असता," ते म्हणाले. "ह्यो दुसराच कोनतरी बोलतोय." मग लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावून, त्यांनी एकेक जागा ऐकली. एसीची एक नळी इंजिनाला केसभर घासत होती. तिथं त्यांनी जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला. बाईंना एवढ्यावर समाधान वाटेना. गाडीला नक्की काय झालं होतं, असं त्यांनी दोनदा विचारलं. "गाडीला काय न्हवतं, मॅडम. तिच्या शेजाऱ्याला झालं हुतं."

त्यांचा नियम एकच होता. नोंद खोटी आहे असं म्हणायचं तर ती कुठून येते ते दाखवायचं. दाखवता येत नसेल तर ती खरी धरायची. हा नियम ते घरीही वापरत. सोसायटीतल्या एका बाई आपल्याविषयी काहीबाही बोलतात, अशी ताईची तक्रार होती. दाजींनी तिला आठ दिवस त्यांच्याशी जरा मऊ वागून बघायला सांगितलं. बोलणं थांबलं तर चूक आपल्याकडे, नाही थांबलं तर त्यांच्या घरात दुसरंच काही वाजत असणार. ताईनं आठ दिवस कसेबसे काढले. बोलणं थांबलं. त्यानंतर ती दाजींशी दोन दिवस बोलली नाही.

कंपन्यांमधली तरुण मुलं यायची. त्यांना सगळं इंटरनेटवर वाचून माहीत असे. सेन्सर किती ऐकतो ते लॅपटॉपवरून कमी करता येतं, मग तो थोडा बहिरा करून टाका ना काका, असं एकानं सुचवलं. दाजींनी त्याला चहा पाजला आणि गाडीला हात न लावता परत पाठवलं. "शेजारी मारामारी चाललीया, आन् ह्यो म्हणतोय खिडकी लावा," एवढंच ते नंतर मला म्हणाले.

जासईच्या पाटलांची गाडी आली ती चार वर्षांपूर्वी. पाटील त्या जुन्या पेट्रोल गाडीवर प्रवासी नेत. इंजिन नुकतंच उघडून नव्यानं बांधलं होतं, त्यात घरातलं सोनं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक कुटुंब घेऊन त्यांना महाबळेश्वरचा घाट चढायचा होता. "दाजी, गारी ओढली पायजे. घाट चराला मागं पुढं झाली त माजी इज्जत जाईल," असं सांगून ते गाळ्यावरच बसून राहिले. दाजी आणि मी गाडी घेऊन उरणच्या रस्त्याला लागलो. रविवारी सकाळी तिथं कंटेनरचे ट्रेलर कमी असतात.

इंजिन मिनिटाला अठ्ठावीसशे फेऱ्यांवर गेलं आणि आकडा उसळला. सायलेन्सरवरचा पत्रा दाजींनी आदल्या दिवशीच आवळला होता. "अजून तोच असंल," ते म्हणाले. बाजूला थांबून त्यांनी टायमिंग दोन डिग्री मागं घेतलं. पुन्हा त्याच रस्त्यानं गेलो. आकडा खाली आला. त्यांच्याच नियमानं ते नॉकिंग खरं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, इथं उतार आहे, जोर कमी पडला, म्हणून आकडा उतरला. मग त्यांनी टायमिंग पुन्हा होतं तिथं आणलं. "आवाज कुठं हाय? मला तर काय वाजत न्हाई. आकडा खोटा हाय. ह्या जागी सेन्सरचं ऐकणं कमी करू, म्हंजे घाटात गाडी मागं ओढायची न्हाई."

मूळ न दाखवता ते खोटं म्हणाले, असं मी पहिल्यांदाच ऐकलं. शेवटची एक चक्कर मारायची म्हणून त्यांनी गाडी पुन्हा पळवली, आणि अठ्ठावीसशेच्या जवळ मला आवाज ऐकू आला. पत्र्याच्या डब्यात मूठभर चणे हलवावेत तसा. बारीक, पण स्पष्ट. मी गप्प राहिलो. इतकी वर्षं ऐकणं त्यांचं आणि वाचणं माझं, असं ठरल्यासारखं होतं, आणि त्यांच्या कानापुढे माझा कान तो काय. जासईचा फाटा येईपर्यंत मी हेच स्वतःला सांगत होतो. गाडीत दुसऱ्या दिवशी कोण बसणार हेही मला माहीत होतं.

"दाजी, मला ऐकू येतंय."

त्यांनी गाडी सावकाश कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग त्यांनी लॅपटॉपची नोंद चालू ठेवून त्याचं झाकण अर्धं मिटलं, मला आकडे दिसू नयेत म्हणून. "आवाज आला की हितं टिचकी मारा," असं म्हणून त्यांनी समोरच्या प्लास्टिकवर बोट ठेवलं. आम्ही निघालो. मी टिचकी मारली की ते काट्याकडे बघून फेऱ्या मोठ्यानं म्हणत. सत्तावीसशे नव्वद. अठ्ठावीसशे दहा. तीन चकरा झाल्या. मग त्यांनी झाकण उघडून नोंद पाहिली. जिथं मी टिचकी मारली होती तिथंच आकडे उसळले होते, तीनही वेळा.

"तुमचा कान बराय," ते म्हणाले, आणि टायमिंग मागं घ्यायला लागले.

गाळ्यावर आल्यावर ते सरळ पाटलांसमोर जाऊन उभे राहिले. मी जरा लांबच थांबलो. "गाडी थोडी दबून चालंल. इंजिन वाचंल. मी आकडा खोटा म्हणनार हुतो. मला आवाज आला न्हाई, पाव्हण्यांना आला." पाटील आधी हसले, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "म्हंजे आता दुकान पावन्यांचा का?" दाजीही हसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं ताईनं मला नंतर सांगितलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी कान तपासून घेतले. बारीक, उंच पट्टीचे आवाज त्यांना जवळजवळ ऐकूच येत नव्हते. कारखान्यातल्या त्या बंद खोलीनं ते केव्हाच नेले होते. आलेख त्यांनी डॉक्टरांकडून समजून घेतला, हे मशीन शेवटचं कधी तपासलं होतं ते विचारलं आणि मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन पुन्हा तपासणी केली. "दोन्हीकडं सारखंच आलं. म्हंजे खरं." यापलीकडे ते त्यावर बोलले नाहीत. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधीच सांगत, की ऐकणारे हे पाव्हणे आहेत, मी नाही. काही जण परत जात. जाणाऱ्याला ते थांबवत नसत.

गेल्या वर्षी कॉलेजात तपासणी समिती यायची होती. ग्रंथालयाच्या नोंदी पुऱ्या करायला मला रविवारीही बसावं लागलं. दाजींचा फोन आला की मी पुढच्या रविवारी येतो म्हणत असे. असे तीन रविवार गेले. चौथ्या आठवड्यात, एका दुपारी, दाजी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. हृदय थांबलं असं डॉक्टर म्हणाले.

तेराव्यानंतर ताईनं मला गाळ्याची किल्ली दिली. आत एकच गाडी होती. तिच्या डॅशबोर्डवर दाजींनी कागदी चिकटपट्टी लावून तीवर मार्करनं लिहिलं होतं: 'एकतीसशेला आकडा आहे. मूळ सापडलं नाही. मला ऐकू येत नाही. पाव्हणे आल्यावर बघू.' मालक नेरूळचा एक शाळामास्तर. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, मला घाई नव्हती, दाजी थांबा म्हणाले म्हणून मी थांबलो.

पुढच्या रविवारी तो आला आणि त्यानं गाडी चालवली. मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसलो. एकतीसशेला आकडा उसळला. मी काच वर केली, पंखा बंद करायला लावला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच झालं. आकडा येत होता आणि मला काही ऐकू येत नव्हतं. टायमिंग मागं घेऊन बघणं हे दाजींचं काम, ते मला येत नाही. मी आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे.

मास्तरनं गाडी थांबवली. हा आकडा खोटा असेल ना, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणावं अशी त्याची इच्छा होती, आणि तसं म्हणणं सोपंही होतं.

"मला ऐकू आलं नाही," मी म्हणालो. "खोटा आहे असं मात्र मी सांगू शकत नाही. दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. तोपर्यंत जोरात चालवू नका."

त्यानं मान हलवली. आम्ही परत आलो. चिकटपट्टी त्यानं काढली नाही, मीही काढली नाही. गाडी गाळ्याबाहेर निघाली तेव्हा शटर ओढायला मी थोडा वेळ घेतला.