फताडी पावलं

आई न्हाणीतून बाहेर आली आणि शहाबादी फरशीवर तिची ओली पावलं उमटली. टाचेपासून बोटांपर्यंत सलग, मध्ये खळगा म्हणून नाही. माझीही अशीच.

लष्करी अधिकारी होण्यासाठीच्या परीक्षा, मुलाखती मी पार केल्या होत्या. शेवटच्या वैद्यकीय तपासणीत या सपाट तळव्यांनी मला अपात्र ठरवलं. घरी आलो तेव्हा आई एवढंच म्हणाली, "माझेच पाय आले रे तुला." तेव्हापासून ती न्हाणीच्या दारातच पाय कोरडे करते, मला ठसे दिसू नयेत म्हणून. आज विसरली बहुधा.

त्या गणवेशाची आठवण अजूनही येते. पण याच पायांवर आईनं दवाखान्यात परिचारिकेची नोकरी निभावली, मला कडेवर घेऊन ती गावभर फिरली. याच पायांवर मी आता खेळाचा शिक्षक म्हणून शाळेच्या मैदानात दिवसभर मुलांना पळवतो. अशा पायांना नावं कशी ठेवू?

आई फडकं घेऊन वाकली.

"राहू दे गं," म्हणत मी पाय भिजवला आणि तिच्या पावलाशेजारी टेकवला.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "बोटं तेवढी तुझ्या बाबांची." आणि या विषयावर पहिल्यांदाच हसली.