बत्ता हातात घेतला तेव्हा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. मुंबईतल्या लॅटिन-फ्यूजन रेस्टॉरंटात वेटर टेबलापाशीच दगडी खलात अवोकाडो आणि मिरच्या कुटत होता. "आजोबा, तुम्ही कुटा ना," म्हणत नातीने बत्ता माझ्या हाती दिला. तो उचलताच शेजारी बसलेल्या बायकोने टेबलावरचा हात झटकन ओढून घेतला.

तिचं वाकडं बोट दारात चेंगरलं, असं घरात सगळे समजतात. खरं तर तरुणपणी एकदा ठेचा अळणी झाला म्हणून मीच तिच्या हातावर बत्ता हाणला होता. हाड कडकन मोडलं, रक्त ठेच्यात पडलं. आता वयाने माझा हात थरथरतो, पण तिच्या लेखी तो तेव्हाचाच हात आहे.

"आजी, घाबरलीस?" नात हसली.

"सवय गं," ती म्हणाली.

'चुकलो' म्हणायला मी तोंड उघडलं आणि विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?"