डोक्यावरचं ओलं पाचट

आमच्या कुलदीपमामाला कुणी काही समजावून सांगू नये. तो ढोकीच्या साखर कारखान्याला ट्रॅक्टरनं ऊस वाहतो. ऐन लग्नाच्या वयात टक्कल पडायला लागलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "डोक्याच्या कातडीत एक एन्झाइम असतं. ते पुरुषी हार्मोनला आणखी जहाल करतं, म्हणून केस झडतात."

मामा म्हणाला, "तोडलेल्या उसाचीबी साखर उन्हात अशीच बिघडती. आमी वर पाचट झाकून पाणी मारतो."

तेव्हापासून मामाच्या डोक्यावर उसाच्या वाळल्या पानांचं ओलं पाचट.

परवा जळकोटला मुलगी बघायलाही तसाच गेला. अंगणात पाय धुवायला वाकला, तर म्हशीनं पाचट ओढून खाल्लं आणि टक्कलही चाटलं. आम्ही लाजेनं मेलो.

मुलगी, वैष्णवी, वडलांना म्हणाली, "आप्पा, आपली म्हैस परक्याचा घास घेत न्हाय. हे चालतील."