अण्णांच्या गाडीत बोलायचं नाही

अण्णांच्या गाडीत बोलायला बंदी होती. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्या गाडीत बसले, मागच्या सीटवर, आणि "आज ऊन काय पडलंय ना" एवढंच म्हणाले, तर माझे सासरे आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "गप बस गो. माझा लक्ष जाता." गाडी तेव्हा आमच्या अंधेरीच्या सोसायटीच्या गेटमधून बाहेरही पडली नव्हती.

स्टिअरिंगला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, काच खाली करायची नाही, कारण एसी फुकट जातो, आणि रविवारी वर्सोव्याला मासे आणायला सगळ्यांनी यायचं. नवरा नोकरीसाठी परगावी, म्हणून मी पुढे, आई म्हणजे सासूबाई मागे, आणि त्यांच्या पाठीमागे डिकीत बर्फात घातलेल्या माशांचा क्रेट. अशी आमची वरात निघायची.

मग आईंचं डोकं दुखायला लागलं. गाडीतून उतरल्या की चक्कर, मळमळ, आणि घरी येऊन तासभर पडून राहिल्या की पुन्हा ठणठणीत. मी अण्णांना म्हटलं, गाडीत काहीतरी गडबड आहे, एकदा दाखवून घेऊ.

"गाडीक काय्येक झाला नाय. तिका गाडी लागता. लग्नाच्या दिवसापासून लागता."

"अहो अण्णा, घाटात लागते ती गाडी. वर्सोवा ते अंधेरी कसली लागते? आणि मग रिक्षात का नाही लागत?"

"रिक्षा काय गाडी आसा?"

आता या माणसाशी काय बोलणार, सांगा! मला जळका वास येतो म्हटलं की म्हणायचे, बांगड्याचा आहे. सारखं सारखं म्हटल्यावर उपाय म्हणून कापराची पुडी आणून आरशाला टांगली. झालं! आता गाडीत मासे, कापूर आणि तिसरं काहीतरी, असा वास यायचा, आणि त्या तिसऱ्याबद्दल बोलायची सोय नव्हती.

एका रविवारी परतताना आम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलो. माझंही डोकं ठणकत होतं. मागे वळून बघितलं तर आईंची मान खांद्यावर कलंडलेली. हाका मारल्या, हलवलं, ओ नाही. मी ओरडले, काचा खाली केल्या, दार उघडून त्यांना फुटपाथवर ओढून काढलं. अण्णा नुसते स्टिअरिंग धरून बसले होते. गप्प बसायची इतकी सवय लावून ठेवली होती, की शुद्ध हरपतानासुद्धा ती बाई काही बोलली नाही. मला असा संताप आला होता म्हणून सांगू!

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावल्यावर आईंनी डोळे उघडले. डॉक्टरांनी विचारलं, गाडीत धूर येतो का? अण्णांनी पहिल्यांदाच "माझ्या गाडीत?" असं म्हटलं नाही.

गॅरेजवाल्याने गाडी वर उचलून दाखवली. सायलेन्सर चिरला होता. त्याने तो बदलला आणि म्हणाला, झालं काम, घेऊन जा. पण अण्णा हलेनात. "सायलेन्सर फुटलो, धूर भायर जातलो. भितर खंयसून इलो?"

पुढचे काही दिवस त्यांनी मला पिडलं. दारांची रबरं तपासली, सीट काढल्या, कार्पेट उचकटलं. शेवटी मला, बँकेत ऑफिसर असलेल्या बाईला, भर दुपारी पार्किंगमध्ये डिकीत पालथं घातलं आणि स्वतः टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. वॉचमन बघत उभा. मी वैतागून स्टेपनी बाजूला सारली, तर पत्र्यात रुपयाएवढं गोल भोक, आणि त्या भोकातून माझ्याकडे बघणारा अण्णांचा डोळा.

"अण्णा, हे भोक कसलं?"

डोळा तिथून हलला नाही. खालून आवाज आला, "ह्या मीच केलंय."

गाडी घेतली तेव्हाच त्यांनी तिथलं रबरी बूच उपटून टाकलं होतं. बर्फाचं पाणी तिथून खाली गळून जावं म्हणून. सायलेन्सर धड होता तोवर चाललं. तो चिरला आणि धूर त्याच वाटेने थेट आईंच्या पाठीमागे.

घरी येऊन ते आईंच्या पलंगाशी उभे राहिले. "तुका माशाच्या पाण्याचो वास सोसना नाय, म्हणान केलंय."

आईंनी कपाळावर हात मारला. "अवो, वासान कोण मरता काय?"

भोक बुजवल्यावर अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा किल्ली माझ्या हातात दिली. काचा बंद करून स्वतः आईंच्या जागेवर बसले आणि मला वर्सोव्यापर्यंत फेरी मारायला लावली. डोकं दुखलं नाही, तेव्हा कुठे आईंना गाडीत बसायची परवानगी मिळाली. आणि मग दुसरा ताप सुरू झाला. किल्ली पुन्हा अण्णांकडे गेली, आणि दर सिग्नलला आरशात आईंकडे बघून, "बोल गो. कायतरी बोल."

"काय बोलू?"

"काय पण बोल. बोंबलाचो भाव सांग."

मग आई भाव सांगायच्या, शेजारणीची भांडणं सांगायच्या, आणि थांबल्या की लगेच, "गप कित्याक बसलंस?" माझं डोकं आता धुराशिवाय उठायला लागलं.

गेल्या वर्षी अण्णा झोपेतच गेले. गाडी आता मी चालवते. परवा वर्सोव्याहून येताना आई मागे बसून अखंड बोलत होत्या. पापलेट महागलं, लिफ्ट बंद पडली, तुमच्या सुनेनं कालवणात तिरफळं घातली नाहीत. समोर ट्रक आडवा आला आणि मी वैतागून म्हटलं, "आई, जरा गप्प बसा ना, माझं लक्ष जातं."

"तू गाडी चालव," त्या म्हणाल्या. "मी तुझ्याशी खंय बोलतंय?"