खोळीतला परवाना

भांडण एका कागदावरून होतं. मधली भिंत इतकी पातळ, की पलीकडे कांदा चिरला तर अलीकडच्या आजीचे डोळे झोंबायचे. तेव्हा कान लावून ऐकल्याचा ठपका तिच्यावर कुणी ठेवू नये.

"परवाना माझ्या खिशातच राहील," पहारेकरी म्हणत होता.

"आणि सदऱ्याबरोबर बादलीत जाईल. साबणातून काढलाय मी तो. फोटोतलं नाक गेलंय तुमचं."

"एकदाच झालं ते."

"दोनदा. पहिल्या वेळी तुम्ही लपवलंत, म्हणून मी मोजायचं नाही होय? बंदूक तिथं कागद. खोळीला आतून कप्पा शिवलाय, बटण लावलंय. विषय संपला."

विषय त्याच्या बायकोनं संपवला की संपायचा.

पहारेकरी अंगानं त्याच्या बंदुकीच्या नळीइतकाच. गल्लीनं त्याचं नाव ठेवलं होतं तोफखाना. दुनळी बंदूक त्याची स्वतःची, परवाना त्याच्या नावाचा, आणि बँकेच्या दारात तो वर्षानुवर्षं उभा. गोळी एकदाही झाडली नाही. म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या चढवायच्या, लोकांच्या ओल्या छत्र्या सांभाळायच्या, ही त्याची लढाई.

घरी मात्र एक शिस्त होती. संध्याकाळी आल्यावर तो बंदूक मधून मोडून धरायचा, दोन काडतुसं काढून कमरेच्या पाकिटात टाकायचा. मग बायको एक डोळा मिटून नळ्यांतून खिडकीकडे बघायची. "दोन्हीकडून उजेड," असं ती म्हणाली की बंदूक खोळीत. नाही म्हणाली तर जेवण नाही.

एकदा ती दोन दिवस लेकीकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोफखाना नेहमीसारखा पाठीला खोळ, हँडलला डबा असा सायकलवरून निघाला. पुलाच्या तोंडाशी आडवे खांब लावलेले. रोज तिथं एक जाडा हवालदार असायचा. "काय तोफखाना, आज लढाई कुठं?" म्हणून हसायचा. त्या दिवशी तो नव्हता. आदल्या दिवशी कुठलंसं दुकान कुणी बंदूक दाखवून लुटलं होतं, म्हणून दोन अनोळखी शिपाई उभे होते. एक पोक्त, एक कोवळा.

"पाठीवर काय आहे?" कोवळ्यानं विचारलं.

"बंदूक."

इथंच चुकलं. आधी बँक म्हणायचं, मग पहारा, मग परवाना, आणि सगळ्यात शेवटी बंदूक. पण शब्द बाहेर पडला होता.

"परवाना?"

"आहे ना," म्हणत तोफखान्यानं सवयीनं हात मागे खोळीकडे नेला.

"हात वर. वर घे हात."

कोवळ्याच्या हातात पिस्तूल आलं होतं. सायकल आडवी झाली, घंटी उगीचच एकदा वाजली, डब्याचं झाकण घरंगळत गेलं. रस्त्यावरची माणसं आधी थांबली, मग मागे सरली.

इतकी वर्षं त्यानं नळी वागवली, पण समोरून कधी पाहिली नव्हती. पिस्तुलाचं ते एवढंसं भोक. त्यात उजेड नव्हता.

"परवाना कुठंय?"

"खोळीत. आतल्या कप्प्यात." त्यानं मानेनंच मागे दाखवलं. "चापाच्या शेजारी."

हे त्याचं त्यालाच चोराचं बोलणं वाटलं. पोक्त शिपाई मागे आला, खोळ खांद्यावरून उतरवली, आणि नाडी सोडून आत हात घालू लागला.

"भरलेली आहे का?"

'नाही' अगदी जिभेवर आलं होतं. पण काल संध्याकाळी काडतुसं काढली होती का? थकून आला होता. भात चुलीवर लागला होता, धूर झाला होता. काढली का? कमरेचं पाकीट जड आहे की हलकं, हे तो नुसत्या कमरेनं ओळखायला बघत होता. कळेना. आता आपण मरायचं, नाहीतर हा बिचारा आपल्या हलगर्जीपणानं मरायचा.

"नसावी," तो म्हणाला. "पण काल बायको घरी नव्हती."

"बायकोचा काय संबंध?"

"ती बघते."

कोवळ्यानं पिस्तूल आणखी वर धरलं. तोफखाना कसाबसा बोलत राहिला. "साहेब, कप्पा राहू द्या. आधी नळी जमिनीकडे. बोट चापापासून लांब. वरची कळ बाजूला सरकवा. मधून मोडेल."

खट्‌ झालं. त्यानं डोळे गच्च मिटले.

"रिकामी आहे," पोक्त शिपाई म्हणाला. त्यानं नळ्या आभाळाकडे धरल्या. दोन्हीकडून उजेड.

तोफखाना होता तिथंच रस्त्यावर बसला. कोवळ्याला पिस्तूल कमरेला खोचायला तीनदा प्रयत्न करावा लागला. त्याचाही सदरा पाठीला चिकटला होता.

"फोटोला नाक नाही," परवाना बघत तो म्हणाला.

"धुतलं गेलं. शिक्का बघा, शिक्का यंदाचा आहे."

बँकेत फोन झाला, खात्री पटली. पोक्त शिपायानं झाकण शोधून डब्याला लावून दिलं. "काका, कागद खिशात ठेवत जा."

संध्याकाळी बायको परतली. गल्लीच्या तोंडाशीच तिला सगळं कळलं होतं. अलीकडची आजी भांडणाची वाट बघत बसली, पण नुसती कात्री वाजली. कप्पा उसवला गेला. मग बराच वेळ सदऱ्याच्या खिशाला बटण लागत होतं.

"धुताना मी बघून घेईन," एवढंच ती बोलली.

पुढं नोकरी संपली. बंदूक ठाण्यात जमा करायचा दिवस आला. त्यानं ती मोडून धरली. मोतीबिंदू काढलेला डोळा उघडा ठेवून तिनं खिडकीकडे पाहिलं.

"दोन्हीकडून उजेड."

त्यानं खिशाचं बटण चाचपलं, खोळ पाठीला अडकवली. पुलाच्या तोंडाशी कुणीच उभं नव्हतं. तरी त्या दिवसापासून करायचा तसाच तो सायकलवरून उतरला, आणि दोन्ही हात हँडलवर दिसतील असे ठेवून पूल चालत पार केला.