चौदा खाती, एक मोबाईल नंबर

घिवली या किनाऱ्यावरच्या गावातली ती दुपार मला आजही सोडत नाही. निवृत्तीनंतर लोक फत्ते केलेल्या केसेस विचारतात. मला मात्र आधी हीच आठवते, आणि ही फत्ते नव्हती.

तेव्हा मी पालघरला पोलीस निरीक्षक होतो. जवळच्या एका विद्यापीठ उपकेंद्राने मेल, फायली, बैठका असा सगळा कारभार जुन्या कॉम्प्युटरवरून नुकताच क्लाऊडवर हलवला होता. महिनाभरात परीक्षेची प्रश्नपत्रिका आधीच मुलांच्या मोबाईलवर फिरली. विभागप्रमुख घामाघूम होऊन ठाण्यात आले. "साहेब, माझ्या खात्यातून चोरी झालीय," म्हणाले. गुन्हा दाखल केला.

दुसऱ्या दिवशी निनावी फोन आला. "ऑफिसातल्या बाईला इचारा. सगल्यांची खाती तिच्याच हातात हायत."

तपासलं तर खरंच! चौदा प्राध्यापकांची खाती, आणि ओटीपीसाठी चौदाही ठिकाणी एकच नंबर, तिथल्या वरिष्ठ लिपिक बाईंचा. झालं, माझ्या मते केस तिथेच उलगडली.

स्त्रीची चौकशी तिच्या राहत्या घरी करायची, असा कायदा आहे. मी कायद्यानेच गेलो. महिला कॉन्स्टेबल सोबत घेतली आणि पोलीस गाडी घिवलीत थेट बाईंच्या दारात उभी केली. समोर बायका बोंबील वाळत घालत होत्या, त्यांचे हात थांबले. गाडी वळणावर ठेवता आली असती. खोटं कशाला सांगू, थोडी भीती बसावी म्हणूनच दारात आणली होती.

"चौदा खात्यांना तुमचाच नंबर? कशासाठी?"

"सायब, सर लोकांनीच सांगितला. बाई, तुमचाच टाका, आमाला कटकट नको. रोज सकाली फोन येतात, ओटीपी सांगा. मी सांगते. पेपर मी उघडून पन नाय बगितला."

"मग काय भुताने पाठवला?" मी ओरडलो.

त्या रडल्या नाहीत. "पानी घ्या सायब," म्हणत तांब्या पुढे केला. मी हातही लावला नाही. कसला माज होता मला!

विद्यापीठाला माझं पत्र गेलं आणि बाई निलंबित झाल्या. पंचवीस वर्षांची नोकरी एका कागदावर थांबली.

आठवड्याने त्याच महिला कॉन्स्टेबलने एका विद्यार्थिनीला साधा प्रश्न विचारला, "तुला पेपर मिळाला कसा?" मुलीने वर्गाचा ग्रुप उघडून दाखवला. विभागप्रमुखांनी स्वतःच नोट्सची लिंक टाकली होती, आणि तिच्यातून अख्खा फोल्डर उघडत होता. जुन्या कॉम्प्युटरवर नोट्स आणि प्रश्नपत्रिका एकाच फोल्डरमध्ये असायच्या, कारण खोलीला कुलूप असायचं. फोल्डर तसाच क्लाऊडवर गेला, कुलूप मागे राहिलं. चोर कुणी नव्हताच. मी मात्र 'कोणी' विचारत बसलो होतो, 'कसं' विचारलंच नाही.

निलंबन मागे घेतलं गेलं. बाई कामावर परतल्या नाहीत, राजीनामा पाठवला. मी माफी मागायला घिवलीला गेलो, साध्या कपड्यात, रिक्षाने. बाई दारातच मासळी निवडत होत्या.

"बाई, माझी चूक झाली," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं. "सायब, तवा गाडी घेऊन आलाव, अख्ख्या गावाने बगितला. आज चूक झाली सांगायला रिक्षाने आलाव. आता कोन बगनार?"

आत जाऊन त्यांनी पाणी आणलं. या वेळी मी प्यायलो.

परतताना ठरवलं, उद्या गणवेशात यायचं, गाडी दारात लावायची आणि चार लोकांत सांगायचं की या बाई निर्दोष आहेत. ठाण्यात पोचेपर्यंत मनात आलं, वरिष्ठ काय म्हणतील, हे कुठल्या नियमात बसतं? संशयावर गाडी न्यायला मी कुणाला विचारलं नव्हतं. लोकांना मी आता सांगतो की तपासात आधी 'कसं' विचारा. पण ही केस मला शिकवून गेली ते वेगळंच आहे. ती गाडी दुसऱ्यांदा घिवलीला गेलीच नाही.