पुस्तकातलं पिवळं बोट

आज वसमतच्या रस्त्यावर कुणाच्या तरी शेतात हळद शिजत होती. वाफेचा तो मातकट, उग्र वास गाडीत शिरला आणि आईचं पिवळं बोट आठवलं.

बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी मी कॉलेज सोडणार होते. प्राण्यांची शास्त्रीय नावं डोक्यात बसत नव्हती. हळदीच्या कढईपाशी चिडून वाचत बसले होते. आईनं पुस्तकातल्या एका चित्रावर हळदीनं माखलेलं बोट टेकवलं.

"हे पान हाय का?"

"एलिशिया. समुद्रातली बिनशंखाची गोगलगाय. शेवाळातलं हिरवं अंगात साठवते अन् उन्हावर दिवस काढते."

"अन् नावाचा मतलब?"

"परदेशातल्या जुन्या गोष्टींमधला स्वर्ग. शूर माणसं मेल्यावर तिथल्या हिरव्या कुरणात राहतात."

आईनं हळद शिजली का ते काडी खुपसून पाहिलं. "मेल्यावरचं हिरवं काय करायचं? ही गोगलगाय बरी, जित्तेपणी हिरवी. कालेज सोडायचं न्हाई."

हिला काय कळतं, असं तेव्हा वाटलं होतं.

आता हिंगोलीच्या कॉलेजात मीच ते नाव शिकवते. अवघड आहे, असं कुणी म्हणालं की ते जुनं पुस्तक उघडते, चित्रावरचा पिवळा डाग दाखवते आणि म्हणते, पुन्हा वाच.